बदलती लोकवस्ती आणि लोकशाही : चांदा-गडचिरोलीचें उदाहरण

१९६४ सालीं चांदा मतदारसंघाचे लोकसभेंतील प्रतिनिधि लाल श्यामशाह यांनीं आपल्या जागेचा राजीनामा दिला. पानाबरस जमीनदारीचे हे आदिवासी पुढारी १९६२ च्या निवडणुकींत कोणत्याहि पक्षाचा आधार न घेतां अपक्ष म्हणून निवडून आले होते. पूर्व पाकिस्तानांतून आलेल्या निर्वासितांस दंडकारण्याच्या जंगलपट्टींत वसविण्याचें काम त्या वेळीं चाललें होतें, आणि तें करतांना तेथील आदिवासींचा विचार झाला नाहीं ही त्यांची तक्रार होती. राजीनाम्यानंतर पोटनिवडणूक झाली. दिवंगत मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांच्या पत्नी निवडून आल्या. निर्वासितांच्या वसाहतीहि वसल्या. दिल्लीच्या दप्तरांत प्रकरण मिटलें. परंतु ज्या प्रश्नासाठीं एका खासदारानें आपली जागा सोडली, तो प्रश्न मिटला नाहीं. देश सर्वांचा आहे हें मान्य. पण एखाद्या मुलुखांतील वस्तीचें स्वरूप पालटावयाचें असेल, तर तेथें आधींपासून राहणाऱ्यांस त्यांत मत असावें कीं नसावें? आणि असावें, तर तें मत कोणत्या मापानें मोजावयाचें?

लोकशाहींत डोकीं मोजलीं जातात. म्हणूनच कोणत्या समाजाचीं डोकीं किती, हा प्रश्न केवळ शिरगणतीच्या खात्याचा राहत नाहीं. प्रतिनिधींच्या जागा, नोकऱ्यांतील वांटा, शाळेची भाषा, एवढेंच नव्हे तर ‘आपण कोण’ ही समजूतहि त्यावर अवलंबून असते. हा विषय सामान्यतः युरोप-अमेरिकेंतील स्थलांतराचीं उदाहरणें देऊन समजाविला जातो. त्यासाठीं एवढें दूर जावयास नको. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे, म्हणजे २६ ऑगस्ट १९८२ पूर्वींचा एकच जुना चांदा जिल्हा, हा या विषयाचा धडा म्हणून पुरेसा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. लोकसंख्येंतील बदल म्हटला कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें पाळणे हालूं लागतात. अमक्या समाजांत मुलें अधिक, तमक्यांत कमी, अशी चर्चा सुरू होते. चांद्याचे आंकडे निराळी हकीकत सांगतात. १९६१ सालीं या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें १२ लाख ३८ हजार होती. २०११ च्या जनगणनेंत दोन्ही जिल्हे मिळून ती सुमारें ३२ लाख ७७ हजार भरली. पन्नास वर्षांत अडीचपटीहून थोडी अधिक. त्याच काळांत सबंध महाराष्ट्राची लोकसंख्या पावणेतीन पटींहूनहि पुढें गेली. गडचिरोली जिल्ह्यांत २०११ सालीं दर चौरस किलोमीटरास माणसें होतीं अवघीं ७४. तेव्हां येथें विशेष पालटलें तें संख्येचें आकारमान नव्हे, तिची घडण. आणि ती घडण पाळण्यामुळें थोडी, रस्त्यामुळें त्याहून अधिक, व सरकारी लेखणीमुळें सर्वांत अधिक पालटली.

मुळांत हा मुलूख कधींच एकजिनसी नव्हता. गोंड राजांची ही राजधानी १७५१ त नागपूरकर भोसल्यांकडे गेली आणि १८५४ त इंग्रजांकडे. वैनगंगेच्या कांठीं झाडीबोली बोलणारा कुणबी, तेली, माळी, ढीवर आणि महार. पूर्वेच्या डोंगरांत गोंड व माडिया. दक्षिणेस सिरोंच्याकडे प्राणहिता-गोदावरीच्या कांठीं तेलुगु. आणि पश्चिमेचा राजुरा तालुका तर १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या आदिलाबाद जिल्ह्यांत होता, तो १९५९ त चांद्यास जोडला गेला. येथें ‘मूळचा’ कोण हें ठरवूं गेलें तर एका खेड्यांतहि एकमत व्हावयाचें नाहीं. तरी डोंगरांतील गोंड-माडियांचा जंगलाशीं असलेला संबंध सर्वांत जुना, हें बहुतेक सर्वच मान्य करतात.

१९६० नंतरच्या दशकांत या जंगलांत बंगाली निर्वासितांच्या वसाहती उभ्या राहिल्या. आज त्या मुख्यतः मुलचेरा आणि चामोर्शी या तालुक्यांत आहेत. सुंदरनगर, विवेकानंदपूर अशीं त्यांचीं नांवें सहजच वेगळीं उमटून दिसतात. आलेल्यांत नामशूद्र शेतकऱ्यांचा भरणा मोठा. फाळणी त्यांनीं मागितली नव्हती. नकाशावरील रेघ त्यांच्या भाताच्या बांधांवरून गेली आणि आपल्याच गांवीं ते परके झाले. नद्यांच्या गाळांत वाढलेल्या या माणसांस सागवानाच्या रानांत, हिवतापाच्या मुलुखांत, आणून सोडलें. त्यांनीं तेथें भात पिकविला, तळ्यांत मासे वाढविले, दुर्गापूजा मांडली आणि मुलांस मराठी शिकविलें. राष्ट्राकडे त्यांचें येणें होतें व तें फेडणें राष्ट्रास भागच होतें. मात्र तें फेडतांना जें रान खर्चीं पडलें तें कोणाच्या वहिवाटीचें होतें, याची चौकशी व्हावयास पाहिजे होती. श्यामशाहांच्या तक्रारीचें मर्म येथें होतें. ती निर्वासितांच्या द्वेषाची तक्रार होती असें समजणें अन्यायाचें होईल.

आणि निर्वासिताच्या वांट्यास तरी सरळ न्याय आला काय? नामशूद्र ही जात पश्चिम बंगालच्या यादींत अनुसूचित आहे. महाराष्ट्राच्या यादींत ती नाहीं. म्हणजे ज्या कुटुंबास सरकारनें आपल्या सोयीनें इकडे पाठविलें, तें बंगालमध्यें राहतें तर ज्या सवलतीस पात्र ठरलें असतें, ती त्यास गडचिरोलींत मिळत नाहीं. त्याची तिसरी पिढी आतां येथें मतदान करते. निवडणुकीच्या दिवसांत उमेदवार या वसाहतींत आवर्जून येतात, यादीचा प्रश्न सोडविण्याचें आश्वासन देतात, आणि प्रश्न पुढच्या निवडणुकीस शिल्लक राहतो.

संख्येचा तराजू एकदम एका बाजूस कलला म्हणजे काय होतें, तें त्रिपुरांत पाहावें. १९४१ सालीं तेथें आदिवासी निम्मे होते. फाळणीनंतरच्या लोंढ्यानें १९५१ त ते ३७ टक्क्यांवर आणि १९८१ त २८ टक्क्यांवर आले. १९८० च्या जून महिन्यांत तेथें जी भीषण कत्तल झाली तिचीं कारणें अनेक होतीं. पण आपल्याच घरांत आपण पाहुणे झालों ही भावना त्यांत प्रमुख होती. पुढें आदिवासी भागासाठीं स्वायत्त जिल्हा परिषद झाली व १९८५ पासून तिला घटनेच्या सहाव्या अनुसूचीचा आधार मिळाला. औषध लागू पडलें, पण रोग विकोपास गेल्यावर दिलें. चांद्यांत तसा प्रसंग आला नाहीं. येथील वसाहती जिल्ह्याच्या मानानें लहान होत्या, आणि संख्येचें खरें गणित दुसरीकडेच फिरत होतें.

चंद्रपूर शहराकडे माणसें ओढून आणलीं तीं कोळशानें. वरोऱ्याची खाण १८७१ पासून १९०६ पर्यंत चालली; पुढें बल्लारपूर, घुगूस, राजुरा या टापूंत खाणी वाढल्या; बल्लारपुरास कागद, चंद्रपुरास वीज, भद्रावतीस दारूगोळा, कोरपन्याकडे सिमेंट. तेलुगु मजूर आले, उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार आले, आणि बाजारांत हिंदी रुळली. या वस्तीनें शहराचें वळण बदललें खरें. पण तिच्याविषयीं जंगलांतल्यासारखी धास्ती कोणास वाटली नाहीं. पगाराच्या रांगेंत उभा राहणारा मनुष्य जमिनीवर हक्क सांगत नाहीं, हें त्याचें कारण असावें.

आतां लेखणीकडे वळावें. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व आपल्या अनुयायांस दिली. दोनच दिवसांनीं, १६ ऑक्टोबरला, चांद्यास तसाच समारंभ झाला. १९५१ च्या जनगणनेंत या भागांत बौद्ध जवळजवळ नव्हते. १९६१ त महाराष्ट्रांत त्यांची संख्या सुमारें २७ लाख ९० हजार झाली. एकहि मनुष्य बाहेरून आला नव्हता. तेंच घर, तीच भाषा, तोच गांवकुसाबाहेरचा मोहल्ला. पण जनगणनेच्या कागदावर एक सबंध समाज एका रकान्यांतून उठून दुसऱ्या रकान्यांत जाऊन बसला. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशांत बौद्धांस स्थान नव्हतें. परिणामीं महाराष्ट्रांत अनुसूचित जातींचें प्रमाण १९७१ सालीं अवघें ६ टक्के दिसलें, आणि त्या प्रमाणावर बेतलेल्या विधानसभेच्या राखीव जागा १८ च राहिल्या. १९९० सालीं संसदेनें कायदा सुधारून बौद्धांस यादींत घेतलें. १९९१ त तें प्रमाण ११ टक्क्यांवर गेलें, आणि २००८ च्या मतदारसंघ-फेररचनेंत १८ जागांच्या २९ झाल्या. खुद्द चंद्रपूर शहराची विधानसभेची जागा तेव्हांपासून अनुसूचित जातींसाठीं राखीव आहे. मनापासून केलेल्या एका धर्मांतराची नोंद कायद्यानें घेण्यास चौतीस वर्षें लागलीं, आणि ती मतदारसंघांच्या नकाशावर उमटण्यास बावन्न.

आदिवासींच्या बाबतींत तर लेखणीनें याहून मोठा चमत्कार केला. १९७६ पर्यंत विदर्भांतील गोंड मनुष्य अनुसूचित जमातींत मोडतो कीं नाहीं, हें तो कोणत्या तहसिलींत राहतो त्यावर ठरत असे. चांदा जिल्ह्यांतील गडचिरोली व सिरोंचा या तहसिली यादींत होत्या, ब्रह्मपुरी नव्हती. मधून वैनगंगा वाहते. एक भाऊ नदीच्या पूर्वेस राहिला तर तो आदिवासी. दुसरा लग्नसंबंधानें पश्चिमेस जाऊन राहिला तर तो नव्हे! देव एक, गोत एक, भाषा एक, पण सरकारी कागद निराळा. १९७६ च्या कायद्यानें ही तहसिलीची अट काढून टाकली. त्याचें फळ असें कीं, महाराष्ट्रांतील अनुसूचित जमातींची लोकसंख्या १९७१ सालीं सुमारें साडेएकोणतीस लाख होती, ती १९८१ त पावणेअठ्ठावन्न लाखांच्या जवळ गेली. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट! असा पाळणा जगांत कोठेंहि हालत नाहीं.

अट निघाल्यानें आजवर वगळलेले आदिवासी आंत आले, हें योग्यच झालें. त्यांच्याबरोबर नांवाच्या सारखेपणावर हक्क सांगणारेहि आले, आणि न्यायालयांस काम लागलें. चंद्रपूर-गडचिरोलींत मोठ्या संख्येनें असलेल्या माना समाजाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, व ती स्वतंत्र अनुसूचित जमात असल्याचा निर्णय २००६ त झाला. हलबा-कोष्टींचा वाद २००० सालीं उलट बाजूनें लागला होता. ज्यांचा दावा टिकला त्यांच्या दृष्टीनें तो न्याय. आणि जे आधींपासून यादींत होते त्यांस आपल्या ताटांत वांटेकरी वाढले असें वाटलें. म्हणजे माणसें जागची न हालतांहि एक प्रकारचें स्थलांतर होतें, आणि त्यानेंहि तितकाच ताण पडतो.

राज्याच्या सीमेवर हा प्रकार आणखी विचित्र होतो. जिवती तालुक्यांतील परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा आदि चौदा गांवांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघांनींहि हक्क सांगितला. मराठवाड्यांतून आलेलीं कुटुंबें तेथें पुष्कळ आहेत. गांव एक, पण शाळा दोन्ही राज्यांच्या, शिधापत्रिका दोन्ही राज्यांच्या, आणि नांवें दोन्ही राज्यांच्या मतदारयाद्यांत! त्यांत पुन्हां याद्यांचा घोळ. बंजारा समाज तेलंगणांत १९७६ च्या कायद्यानें अनुसूचित जमात ठरला. महाराष्ट्रांत तो विमुक्त जातींत गणला जातो. या फरकामुळें महाराष्ट्राकडून आदिलाबादकडे कुटुंबें सरकत गेलीं, तेथील गोंडांस आपल्या सवलती व जमिनी धोक्यांत आल्याशा वाटूं लागल्या, आणि २०१७ त दोन्ही समाजांत उघड तंटा पेटला. त्या डोंगरावरच्या माणसास ‘तूं कोणत्या देशाचा’ असें विचारलें तर उत्तर एकच येईल. कोणत्या राज्याचा आणि कोणत्या यादींतला, यांचीं मात्र त्याच्यापाशीं दोन-दोन उत्तरें आहेत व तीं दोन्ही सरकारमान्य आहेत.

इतकें पाहिल्यावर राजकारणाचा विचार करणें सोपें जाईल. २००८ च्या फेररचनेंत गडचिरोली-चिमूर हा नवा लोकसभा मतदारसंघ झाला व तो अनुसूचित जमातींसाठीं राखून ठेवण्यांत आला. गडचिरोली जिल्ह्यांतील आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी या विधानसभेच्या तीनहि जागा तशाच राखीव आहेत. पण २०११ च्या जनगणनेप्रमाणें गडचिरोली जिल्ह्यांत अनुसूचित जमातींचें प्रमाण ३८.७ टक्के आहे. उमेदवार आदिवासीच पाहिजे. त्यास निवडणारे बहुसंख्य मतदार आदिवासी नाहींत. संयुक्त मतदारसंघाचें हें तत्त्व घटनाकारांनीं जाणूनबुजून स्वीकारलें, कारण विभक्त मतदारसंघांनीं देशाचे काय झालें तें त्यांनीं नुकतेंच पाहिलें होतें. निर्णय शहाणपणाचा होता. तथापि त्याची किंमत अशी कीं, भामरागडचा माडिया ज्यास आपला म्हणेल तोच निवडून येईल अशी कांहीं खात्री नाहीं.

उलट बाजूहि तेवढीच खरी आहे. जिल्ह्यांतील साठ टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातींत नाहींत. त्यांच्यापैकीं कोणासहि जिल्ह्यांतील विधानसभेच्या एकाहि जागेसाठीं उभें राहतां येत नाहीं. जिल्हा पातळीवरील नोकऱ्यांत आदिवासींचा वांटा वाढवितांना इतर मागासवर्गाचा वांटा १९ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणला गेला, तेव्हां कुणबी, तेली, माळी या समाजांत वर्षानुवर्षें असंतोष धुमसत राहिला. पुढें तो वांटा १७ टक्के करण्यांत आला. चार एकर धानाच्या शेतीवर मुलास पदवीपर्यंत शिकविणाऱ्या कुणब्यास, आपला मुलगा कोणत्या ऐतिहासिक अन्यायाचें प्रायश्चित्त घेत आहे, हें कसें पटवून द्यावयाचें? आणि ज्याच्या पाड्यास पावसाळ्यांत चार-चार महिने रस्ता नसतो त्या माडियास, तुझा वांटा फार झाला, हें तरी कोणत्या तोंडानें सांगावयाचें? दोघांचींहि गाऱ्हाणीं खरीं आहेत. दोघेहि जिल्हा या एकाच मापानें स्वतःस मोजतात, म्हणून ते एकमेकांचे वैरी भासतात.

मोजण्याचें वर्तुळच लहान केलें तर? १९९६ च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांत ही वाट उघडली. त्यांत ग्रामसभा म्हणजे पांच-सात गांवांची पंचायत नव्हे. एका पाड्याची, एका वस्तीची सभासुद्धां ग्रामसभा होऊं शकते. धानोरा तालुक्यांतील मेंढा या सुमारें शंभर घरांच्या गोंड खेड्यानें या कायद्याच्याहि आधींपासून आपला कारभार सभेंत बसून चालविला होता. २००९ सालीं वनहक्क कायद्याखालीं १,८०९ हेक्टर जंगलावर त्या गांवाचा सामूहिक हक्क मान्य झाला, आणि पुढें बांबूची विक्री गांवानें स्वतः केली. विशेष हें कीं, तेथें बहुमतानें निर्णय घेत नाहींत, सर्वांचें एकमत होईपर्यंत थांबतात. जिल्ह्यांत जो अल्पसंख्य तो आपल्या पाड्यांत अल्पसंख्य राहत नाहीं. आणि एकमताचा नियम असला तर पाड्यांतील एकटा मनुष्यहि चिरडला जात नाहीं. श्यामशाहांच्या वेळीं असें कांहीं साधन असतें तर मुलचेऱ्याच्या रानांत वसाहती झाल्याच नसत्या असें नव्हे. कदाचित् विचारपूस होऊन, जागा नीट निवडून, त्या झाल्या असत्या.

या साधनाच्या मर्यादाहि उघड आहेत. मेंढ्याचें गांव लहान आणि एका समाजाचें. जेथें निम्मे गोंड व निम्मे इतर आहेत तेथें एकमत होण्यास वेळ लागतो, आणि गांवांतील नोकरी केवळ स्थानिक आदिवासीसच, असा २०१४ च्या अधिसूचनेसारखा नियम आला कीं शेजारी शेजाऱ्याकडे तिरप्या नजरेनें पाहूं लागतो. शिवाय जमिनीखालीं लोखंड निघालें म्हणजे वर्तुळ लहान ठेवण्यास कोणी सहसा तयार नसतें. एटापल्ली तालुक्यांतील सुरजागडच्या डोंगरावर २०२१ पासून खाणकाम जोरानें चालू झालें. त्याच्याबरोबर रस्ते आले, वाहनें आलीं, रोजगार आला, आणि नवीं माणसेंहि. आजूबाजूच्या ग्रामसभांचा विरोध नोंदला गेला आहे. १९६४ चा प्रश्न तेथें पुन्हां उभा आहे. या खेपेस निर्वासितांऐवजीं कारखाना आहे एवढाच फरक.

या सर्वांस आणखी एक निकड आहे. लोकसभेच्या जागांची राज्यनिहाय वांटणी १९७१ च्या लोकसंख्येवर गोठविलेली आहे, आणि २००१ च्या घटनादुरुस्तीनें ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली. त्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्यें निघाली. तिचा संदर्भदिवस १ मार्च २०२७ ठरविला असून तींत जातींचीहि नोंद व्हावयाची आहे. म्हणजे कोण किती, हें या वेळीं जें कागदावर येईल त्याचे परिणाम दीर्घकाळ टिकणारे आहेत. मातृभाषेच्या रकान्याचेंहि तेंच. २०११ त देशांत गोंडी बोलणारे सुमारें ३० लाख नोंदले गेले. बोडो भाषकांची संख्या त्याच्या निम्मीच, पण २००३ च्या घटनादुरुस्तीनें बोडो आठव्या अनुसूचींत गेली. गोंडी पांच-सहा राज्यांत विखुरलेली म्हणून कोठेंच तिचें वजन पडत नाहीं व ती बाहेर राहिली. धानोरा तालुक्यांतील मोहगांवच्या ग्रामसभेनें २०१९ त गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर तिच्या मान्यतेचा वाद न्यायालयापर्यंत गेला.

भामरागडच्या एखाद्या पाड्यांत प्रगणक जाईल. बहुधा तो प्राथमिक शिक्षक असेल, आणि बाहेरच्या तालुक्यांतून बदलून आलेला. मातृभाषा कोणती, हा प्रश्न तो मराठींत विचारील, आणि उत्तर देण्यास घरांतील शाळेंत जाणारा मुलगा पुढें होईल, कारण प्रश्न त्यालाच समजेल. त्याच्या तोंडून ‘मराठी’ असें निघालें तर तसेंच नोंदलें जाईल, आणि मागें चुलीपाशीं बसलेल्या, गोंडीखेरीज एक शब्दहि न येणाऱ्या त्याच्या आजीच्या नांवापुढेंहि तेंच पडेल.